कोरड्या सडकेवर जीप का अडते?



जालना जिल्ह्यातल्या काळ्या रानात ज्याने एखादा पावसाळा काढला आहे, त्याला चिखल म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. चार पावले चालले की पायातल्या चपलेचे वजन दुप्पट होते. बैलगाडीच्या धावेला मातीचे थर चढतात आणि मोटारीची मागची चाके जागच्या जागी गरगर फिरू लागतात. अशा वेळी चारी चाकांना जोर देणारी जीप उपयोगी पडते. पण जी व्यवस्था चिखलात गाडीला तारते, तीच कोरड्या डांबरी सडकेवर गाडीला मारते, असे सांगितले तर तुमचा विश्वास बसेल काय? माझाही बसला नव्हता. मी तेव्हा बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षात होतो आणि भौतिकशास्त्र आपल्याला चांगले समजते अशी माझी समजूत होती.

माझ्या मामांचे शेत भोकरदन तालुक्यात राजूरच्या अलीकडे आहे. त्यांच्याकडे एक जुनी जीप होती. ती चालवणारे काका शाळा फारसे शिकलेले नव्हते. श्रावणातल्या एका सकाळी आजीला ताप भरला म्हणून तिला दवाखान्यात न्यायला आम्ही निघालो. शेतापासून सडकेपर्यंतचा दीड-दोन किलोमीटर रस्ता म्हणजे नुसता चिखल. काकांनी छोटी दांडी ओढून पुढची चाके जोडली आणि जीप डुलत डुलत बाहेर काढली. सडक लागली तेव्हा पाऊस थांबून ऊन पडले होते. डांबर सुकले होते. काका म्हणाले, “भाचे, डांबर लागलं. आता पुढची सोडवतो.”

मी म्हणालो, “राहू द्या ना काका. आजी मागे बसली आहे. चारी चाकांची पकड असली तर बरेच की!”

मालकाचा भाचा, त्यात कॉलेजात शिकणारा. काका गप्प बसले. पुढे राजूरच्या बाजारात गर्दीतून डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे अशी वळणे घ्यावी लागली. सुकाणूचे चाक जड झाले. जीप ब्रेक लागल्यासारखी अडखळू लागली, टायर किंचाळल्यासारखे वाजू लागले. काकांनी दांडी काढायचा प्रयत्न केला. ती जागची हलेना. “मागं घेतो थोडी, मंग निघंल,” ते म्हणाले. मी म्हणालो, “मागे गर्दी आहे, पुढेच चला.” पुढच्याच वळणावर गाडीखाली काडकन आवाज झाला. पुढच्या आसाकडे जाणाऱ्या दांड्याच्या सांध्यातला क्रॉस तुटला होता. तो आधीच झिजलेला असणार. पण तोडला तो माझ्या सल्ल्याने. गंमत म्हणजे क्रॉस तुटताच ती अडलेली दांडी बोटभर जोराने सुटून आली.

काका ओल्या मातीत पाठीवर पडून तासभर पाना चालवत होते. लोंबकळणारा दांडा काढून मागच्या चाकांवर गाडी न्यायची होती. तोवर आजी एका हॉटेलच्या बाकावर शाल पांघरून बसली होती. ती पुढे बरी झाली. पण तीन प्रश्न माझ्या मनात राहिले. चिखलात चालणारी व्यवस्था सडकेवर का अडली? दांडी का निघेना? आणि मागे घेतल्याने ती का निघाली असती? आज आपण या तीन प्रश्नांची उत्तरे शोधू. त्यासाठी नववी-दहावीचे गणित पुरेसे आहे.

वळणावर प्रत्येक चाकाचा रस्ता वेगळा

प्रथम बैलगाडी पाहू. गाडी वळते तेव्हा बाहेरच्या बाजूचे चाक मोठ्या वर्तुळावर चालते आणि आतले लहान वर्तुळावर. बाहेरच्या चाकाला जास्त अंतर तोडायचे असल्याने त्याचे फेरे जास्त होतात. बैलगाडीची दोन्ही चाके आसावर मोकळी फिरतात, त्यामुळे काही अडत नाही.

जालन्याच्या स्टेशनावर आगगाडीची चाके नीट पाहा. तिथे दोन्ही चाके आसाला घट्ट बसवलेली असतात, म्हणजे दोघांचे फेरे सारखेच. मग वळणावर कसे भागते? त्या चाकांची कड सपाट नसते, किंचित निमुळती असते. वळणावर चाकांची जोडी बाहेरच्या बाजूला सरकते. त्यामुळे बाहेरचे चाक आपल्या मोठ्या घेरावर आणि आतले लहान घेरावर चालते. फेरे तेवढेच, पण अंतर वेगळे.

मोटारीत इंजिनाचा जोर दोन्ही चाकांना द्यायचा असतो आणि फेरे मात्र वेगळे होऊ द्यायचे असतात. हे काम आसाच्या मधोमध असलेली दातेरी चाकांची पेटी करते. तिला डिफरन्शियल म्हणतात. १८२० च्या दशकात पेकर नावाच्या फ्रेंच घड्याळजीने वाफेच्या गाडीसाठी तिचे पेटंट घेतले होते. या पेटीचा नियम सोपा आहे: दोन चाकांच्या वेगांची सरासरी आत येणाऱ्या वेगाने ठरते, ती सरासरी दोघांनी आपापसात कशी वाटून घ्यायची हे रस्ता ठरवतो. एकाचे फेरे जेवढे वाढतात, तेवढेच दुसऱ्याचे कमी होतात.

जीपच्या पुढच्या आसावर अशी एक पेटी असते आणि मागच्या आसावर दुसरी. म्हणजे डाव्या-उजव्या चाकांचा प्रश्न सुटला. मग अडते कुठे?

पुढचे आणि मागचे

अडते ते पुढच्या आणि मागच्या आसांमध्ये. सायकल घेऊन पाण्याच्या डबक्यातून जा आणि कोरड्या जागी वळण घ्या. ओल्या चाकांच्या दोन रेषा उमटतील. वळणाच्या आत असलेली रेषा मागच्या चाकाची आणि बाहेरची पुढच्या चाकाची. म्हणजे पुढच्या चाकाने मोठे वर्तुळ घेतले.

याचे कारण भूमितीत आहे. मागचे चाक फक्त गाडीच्या दिशेने चालू शकते. म्हणून वळणाचा केंद्रबिंदू मागच्या आसाच्या रेषेतच कुठेतरी असला पाहिजे. या केंद्रापासून मागच्या आसाच्या मध्यापर्यंतचे अंतर ही एक बाजू, दोन आसांमधले अंतर ही तिच्याशी काटकोन करणारी दुसरी बाजू. केंद्रापासून पुढच्या आसाच्या मध्यापर्यंतचे अंतर हा या काटकोन त्रिकोणाचा कर्ण. आणि कर्ण इतर बाजूंपेक्षा नेहमी मोठाच असतो!

आता आकडे घालू. जुन्या विलीज जीपच्या दोन आसांमधले अंतर सुमारे २ मीटर असते. जीप घट्ट वळण घेत आहे आणि मागच्या आसाचा मध्य केंद्रापासून ४.८ मीटरवर आहे असे समजा. मग पुढच्या आसासाठी

४.८ × ४.८ + २ × २ = २३.०४ + ४ = २७.०४

याचे वर्गमूळ ५.२. (हा तुमचा ओळखीचा ५, १२, १३ चा त्रिकोण आहे.) पुढच्या दोन चाकांच्या त्रिज्यांची सरासरीही जवळजवळ एवढीच येते. म्हणजे पुढच्या आसाला ५.२ मीटर त्रिज्येवर चालायचे आहे, मागच्याला ४.८ मीटर त्रिज्येवर.

चौकात आपण पाव वर्तुळ वळतो. तेवढ्यात पुढच्या आसाला मागच्यापेक्षा किती जास्त चालावे लागेल? त्रिज्यांतला फरक ०.४ मीटर, पाव वर्तुळासाठी त्याला १.५७ ने गुणा. उत्तर सुमारे ०.६३ मीटर. टायरची त्रिज्या ०.३५ मीटर धरली तर घेर सुमारे २.२ मीटर होतो. ०.६३ भागिले २.२ म्हणजे जवळजवळ ०.२९ फेरा, अर्थात शंभर अंशांहून थोडे जास्त.

जीपमध्ये चाकाच्या एका फेऱ्याला प्रॉपेलर शाफ्टचे, म्हणजे आसापर्यंत जोर नेणाऱ्या लांब दांड्याचे, सुमारे ५ फेरे होतात. तेव्हा त्या एका चौकात पुढच्या दांड्याला मागच्या दांड्यापेक्षा सुमारे दीड फेरा जास्त हवा असतो. पण दांडी ओढून पुढची चाके जोडली की ट्रान्सफर केस नावाच्या पेटीत हे दोन्ही दांडे एकमेकांना पक्के बांधले जातात. एकाचा फेरा तोच दुसऱ्याचा. पोलादाचा दांडा काही अंश पिळतो; दीड फेरा पिळू शकत नाही. मग हा हिशोब कोण पुरा करणार? तो टायरनेच घसरून पुरा करावा लागतो.

चिखल उदार, डांबर कंजूष

इथे पहिल्या प्रश्नाचे उत्तर मिळते. समजा जीपचे वस्तुमान १२०० किलोग्रॅम आहे आणि ते दोन्ही आसांवर सारखे वाटले गेले आहे. गुरुत्व त्वरण १० धरले तर प्रत्येक आसावर ६००० न्यूटन भार आला. कोरड्या डांबरावर घर्षण गुणांक ०.८ धरू, चिकण चिखलात तो ०.२ समजू.

चिखलात एका आसाची चाके घसरायला ६००० × ०.२ = १२०० न्यूटन बल पुरे. कोरड्या डांबरावर त्यासाठी ४८०० न्यूटन लागते. चिखलात चाके न कुरकुरता घसरतात आणि पीळ साठूच देत नाहीत. डांबर मात्र चाकाला सहजी सोडत नाही. तोवर पीळ वाढत जातो. ४८०० न्यूटनला ०.३५ मीटरने गुणले की आसावर १६८० न्यूटन-मीटर एवढे पिळणारे बल येते. त्याला ५ ने भागा: दांड्यावर ३३६ न्यूटन-मीटर. विलीज जीपचे मूळ पेट्रोल इंजिन स्वतः जास्तीत जास्त १४० न्यूटन-मीटरच्या आसपास पीळ देत असे. म्हणजे वरच्या गिअरमध्ये इंजिन देते त्याच्या दुपटीहून अधिक पीळ ही गाडी स्वतःच स्वतःविरुद्ध तयार करते! झिजलेला क्रॉस तुटला यात नवल ते काय?

वळणात पुढची चाके रस्त्याला हवी तेवढी वेगाने फिरू शकत नाहीत, म्हणून ती ब्रेक लागल्यासारखी फरफटतात. मागची चाके हवी त्यापेक्षा जास्त फिरू पाहतात आणि गाडीला पुढे ढकलतात. एक ओढतो, दुसरा ढकलतो. इंधन जाते आणि टायर झिजतात. सुकाणू जड होतो तो यामुळेच. शिवाय टायरची पकड या भांडणात खर्च होते आणि गाडीला वळणावर धरून ठेवायला तेवढी कमी उरते. “पकड जास्त” हा माझा सल्ला किती उलटा होता ते पाहा.

मग चिखलात चार चाकांचा फायदा काय? चाके रुतल्यामुळे गाडी ओढायला १५०० न्यूटन लागतात असे समजा. दोन चाकांवर जास्तीत जास्त १२०० मिळतात, गाडी फसली. चार चाकांवर २४०० मिळतात, गाडी निघाली. कोरड्या सडकेवर मात्र सपाटीला संथ चालायला काहीशे न्यूटन पुरतात आणि मागची दोन चाकेच ४८०० देऊ शकतात. तिथे पुढच्या चाकांच्या जोराची गरजच नसते. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा: ब्रेक चारही चाकांना आधीपासूनच असतात. पुढची चाके इंजिनाला जोडल्याने गाडी लवकर थांबेल असे मुळीच नाही.

दांडी का निघत नाही?

ट्रान्सफर केसमध्ये दांडी ओढली की एक दातेरी चाक सरकून दुसऱ्याच्या दात्यांमधून बाहेर यावे लागते. पण पीळ साठलेला असताना हे दाते एकमेकांवर प्रचंड दाबलेले असतात. दाते ५ सेंटिमीटर त्रिज्येवर आहेत असे समजा. ३३६ भागिले ०.०५ म्हणजे ६७२० न्यूटन दाब झाला. तेल असल्याने घर्षण गुणांक फक्त ०.१ धरला, तरी दाते सरकवायला ६७२ न्यूटन हवेत. हे सुमारे ६७ किलोग्रॅमच्या पोत्याचे वजन झाले. दांडीच्या तरफेची मदत होते खरी, तरीही हात टेकतात. क्रॉस तुटला तेव्हा पीळ नाहीसा झाला, दात्यांवरचा दाब गेला आणि दांडी अलगद सुटली.

आता तुम्ही म्हणाल, “सर, उजवीकडे वळताना भरलेला पीळ डावीकडे वळताना उतरत नाही का?” मलाही पूर्वी तसेच वाटे. पुन्हा त्रिकोणाकडे पाहा. कर्ण मोठा असतो; मग केंद्र गाडीच्या डावीकडे असो की उजवीकडे. वर्ग केल्यावर उण्याचेही अधिकच होते. पुढे जाताना कोणत्याही बाजूला वळा, जास्त चालायचे ते पुढच्याच चाकांना. उधारीच्या वहीत दर वळणाला एकाच बाजूला नोंद पडते. टायर घसरला की थोडी उधारी माफ होते, पण घर्षणाच्या मर्यादेइतकी शिल्लक तशीच राहते.

ती फेडण्याचा मार्ग म्हणजे गाडी मागे घेणे. त्याच वळणावरून मागे आलो तरी पुढच्या चाकांना जास्तच अंतर चालायचे असते. पण आता फेरे उलट दिशेने आहेत. पुढे जाताना जेवढे सुलटे फेरे राहिले होते, तेवढेच उलटे फेरे आता राहतात. दोन्हींची बेरीज शून्य. पीळ उतरतो, दात्यांवरचा दाब जातो आणि दांडी निघते. “मागं घेतो थोडी, मंग निघंल,” या काकांच्या एका वाक्यात पायथागोरस आणि अधिक-उणे चिन्हांचे सगळे गणित होते. ते त्यांनी हाताच्या अनुभवाने ओळखले होते. मला पुस्तकातले गणित येत होते, पण ते या जीपला लागू पडते हे मला सुचले नव्हते.

सरळ रस्त्यावर काय?

सरळ रस्त्यावर तरी पीळ भरायला नको ना? टायर अगदी सारखे असतील तर नाही. पण पुढचे टायर नवे, त्यांची त्रिज्या ३५ सेंटिमीटर. मागचे झिजलेले, त्रिज्या ३४.५ सेंटिमीटर असे समजा. एक किलोमीटर जायला पुढच्या चाकाचे सुमारे ४५५ फेरे होतील आणि मागच्याचे सुमारे ४६१. फरक साडेसहा फेऱ्यांचा! चाकांच्या फरकाला ५ ने गुणून दांड्याचा हिशोब तुम्ही करा. म्हणून अशा गाडीचे चारही टायर एका मापाचे ठेवतात.

आता आपल्याकडे पुढची चाकेही ओढणारे ट्रॅक्टर पुष्कळ दिसतात. त्यांची पुढची चाके लहान असतात, म्हणून दातेरी चाकांचे प्रमाण वेगळे ठेवतात. शिवाय पुढच्या चाकांनी थोडे ओढून धरावे म्हणून त्यांचा कडेचा वेग मागच्यांपेक्षा शेकडा १ ते ५ जास्त ठेवलेला असतो. रानातल्या मातीला हा फरक जाणवत नाही. पण सडकेवर तसाच ट्रॅक्टर पळवला की पुढचे टायर सारखे घासत राहतात आणि लवकर झिजतात. सडकेवर पुढची जोड सोडवा, असे ट्रॅक्टरच्या माहितीपुस्तकात लिहिलेले असते ते यासाठी.

यावर उपाय

विलीज जीप १९४१ मध्ये युद्धासाठी तयार झाली. युद्धाचा चिखल-वाळूचा रस्ता डोळ्यांपुढे असल्याने दोन दांडे सरळ जोडणे हा साधा, दणकट उपाय तिच्या कारागिरांनी निवडला. १९४० च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत महिंद्रने जीप जोडायला सुरुवात केली आणि हीच रचना आपल्या खेडोपाडी पोचली. १९८५ मध्ये आलेल्या मारुती जिप्सीत तीच होती. आजच्या चार चाकांना जोर देणाऱ्या थारमध्येही मूळ तत्त्व तेच आहे. या गाड्यांचा नियम एकच: चिखल, वाळू, ओला चढ आला की जोडा, कोरडी सडक लागली की सोडा.

दुसरा उपाय म्हणजे दोन दांड्यांच्या मध्येही एक डिफरन्शियल बसवणे. १९७० च्या रेंज रोव्हरमध्ये आणि १९८० च्या ऑडी क्वाट्रोमध्ये तसे केले होते. अशी गाडी सडकेवर चारही चाकांनी बिनघोर चालते. पण या सोयीची किंमत असते. डिफरन्शियल दोन्ही बाजूंना पीळ सारखाच देते. एक चाक तेलकट चिखलात मोकळे फिरू लागले, तर दुसऱ्या बाजूलाही तेवढाच नाममात्र पीळ मिळतो आणि चारही चाकांची गाडी एका चाकापायी अडते. म्हणून चिखलात ते मधले डिफरन्शियल कुलूपबंद करण्याची सोय ठेवावी लागते. म्हणजे फिरून आपण जुन्या जीपवरच आलो! तिसरा उपाय म्हणजे गरजेपुरता घसरणारा क्लच मध्ये घालणे; हल्लीच्या पुष्कळ गाड्यांत तो यंत्रगणकाच्या हुकमाने चालतो.

करून पाहा

शाळेच्या मैदानावर दोरी आणि खडू घेऊन एकाच केंद्राभोवती २.४ मीटर आणि २.६ मीटर त्रिज्येची दोन वर्तुळे काढा. सायकलच्या दोन आसांमधले अंतर साधारण १ मीटर असते. दोन्ही टायरांवर खडूची खूण करा. सायकलवर न बसता ती उभी धरून अशी चालवा, की मागचे चाक आतल्या वर्तुळावर आणि पुढचे बाहेरच्या वर्तुळावर राहील. एका मित्राने पुढच्या चाकाचे फेरे मोजावेत, दुसऱ्याने मागच्याचे. दहा प्रदक्षिणा करा. चाकाचा घेर २.२ मीटर असेल तर पुढच्याचे सुमारे पावणेसहा फेरे जास्त भरायला हवेत. नंतर उलट दिशेने वळत दहा प्रदक्षिणा करा आणि पाहा, फरकाची बाजू बदलते का?

पुढील प्रश्न घरी सोडवा.

१. जीप ५० मीटर त्रिज्येच्या सौम्य वळणावर पाव वर्तुळ वळली, तर पुढच्या आसाला किती जास्त चालावे लागेल? चौकातल्या ६३ सेंटिमीटरशी ते ताडून पाहा. (उत्तर: सुमारे ६ सेंटिमीटर.)

२. दोन आसांमधले अंतर दुप्पट केले आणि मागच्या आसाची त्रिज्या ४.८ मीटरच ठेवली, तर त्रिज्यांतला फरकही दुप्पटच होईल का? (उत्तर: नाही, ०.४ मीटरऐवजी तो सुमारे १.४५ मीटर होईल. का, ते त्रिकोण काढून पाहा.)

३. जीपचे एक पुढचे चाक जॅकने उचलले तर अडलेली दांडी का सुटते? प्रयोग मात्र करू नका. साठलेला पीळ सुटताना चाक एकदम फिरते आणि इजा होऊ शकते. उत्तर पुढच्या आसावरच्या पेटीच्या नियमात शोधा.

आणि तुमच्या गावात कोणी जुनी जीप किंवा ट्रॅक्टर चालवत असेल, तर त्यांच्याशेजारी बसून एकदा विचारा की ते ती छोटी दांडी केव्हा जोडतात आणि केव्हा सोडतात. ते सांगतील ते आधी नीट ऐकून घ्या. कारण मागाहून शोधता येते.